पोर्टेबल हार्ड डिस्क बंद पडल्यास: डेटा वाचवण्याचा क्रम आणि नव्या बॅकअपची निवड

लग्नाचे फोटो, मुलांच्या वाढदिवसांचे व्हिडिओ, टॅलीचा मागच्या वर्षांचा डेटा, स्कॅन केलेले सातबारे आणि खरेदीखते, डीटीपी करणाऱ्याकडे साठलेल्या छापून झालेल्या पुस्तकांच्या फायली असे जे जे लॅपटॉपमध्ये मावेनासे होते, ते तळहाताएवढ्या पोर्टेबल हार्ड डिस्कवर जाऊन बसते. जागा मोकळी करायची म्हणून लॅपटॉपवरच्या मूळ फायली पुसल्या जातात आणि घरात सगळे जिला ‘बॅकअप’ म्हणतात ती डिस्क प्रत्यक्षात त्या फायलींची एकमेव प्रत होऊन बसते. मग एके दिवशी ती जोडल्यावर नुसता दिवा लागतो, किंवा ‘फॉरमॅट करा’ असा संदेश येतो, किंवा आतून टकटक ऐकू येते.

अशा वेळी नेमका बिघाड कोणता, यापेक्षा आपण कोणत्या क्रमाने काय करतो याला जास्त महत्त्व असते. यांत्रिक बिघाड झालेल्या डिस्कचे उरलेले आयुष्य मोजके असते आणि प्रत्येक वेळी ती सुरू केली की त्यातला काही भाग खर्च होतो. तो खर्च डेटा बाहेर काढण्यावर करायचा की ‘पुन्हा एकदा लावून बघू’ यावर, हे आपणच ठरवायचे असते. पुढील क्रम यूएसबीवर चालणाऱ्या अडीच इंची पोर्टेबल डिस्कला धरून लिहिला आहे; वेगळे अडॅप्टर लागणाऱ्या साडेतीन इंची डिस्कबद्दल जिथे फरक आहे तिथे तसे सांगितले आहे.

पहिली पायरी: डिस्कला हात लावण्यापूर्वीचा प्रश्न

डिस्क काढून बाजूला ठेवावी आणि तिच्यावर जे होते ते आणखी कुठे आहे का याचा शांतपणे विचार करावा. जुना लॅपटॉप, फोनचे मेमरी कार्ड, फोटोग्राफरने लग्नानंतर दिलेला पेनड्राइव्ह, नातेवाइकांना पाठवलेले ईमेल, गूगल फोटोजवर आपोआप चढलेल्या प्रती अशा जागांतून पुष्कळदा अर्ध्याहून अधिक माल सापडतो. उरलेल्याची किंमत मनाशी ठरवावी. गेला तर हळहळ वाटेल पण चालेल असा डेटा असेल, तर पुढच्या सर्व पायऱ्या घरी करून पाहण्यास हरकत नाही. तो कोणत्याही परिस्थितीत हवाच असेल आणि डिस्कमधून वेगळा आवाज येत असेल, तर पुढच्या बऱ्याच पायऱ्या सोडून थेट डेटा काढून देणाऱ्या लॅबच्या परिच्छेदाकडे जावे. हा निर्णय डिस्क सुरू करण्यापूर्वीच घ्यावा, कारण एकदा खटपट सुरू झाली की थांबणे कठीण जाते.

दुसरी पायरी: केबल, पोर्ट आणि वीज

‘डिस्क उडाली’ म्हणून आलेल्या तक्रारींत केबलचा दोष असण्याचे प्रमाण चांगलेच असते. पोर्टेबल डिस्कचे जुने मायक्रो-बी टोक नीट पाहावे. रुंद, चपटे आणि मध्ये खाच असलेले हे टोक डिस्क पिशवीत केबलसकट कोंबल्याने हळूहळू सैल होते. केबल घट्ट बसल्यासारखी वाटते, दिवाही लागतो, पण डेटा वाहून नेणाऱ्या पिना टेकत नाहीत. त्यामुळे फक्त दिवा लागतो म्हणून केबल चांगली आहे असे समजू नये. दुसरी, आखूड आणि शक्यतो त्याच प्रकारच्या डिस्कबरोबर आलेली केबल लावून पाहावी.

वीज हा दुसरा संशयित. यूएसबी २.० चा पोर्ट ५०० मिलिअँपिअर वीज देण्यास बांधील असतो आणि ३.० चा ९००. डिस्कची मोटर सुरू होताना तिला थोडा वेळ नेहमीपेक्षा जास्त वीज लागते. म्हणून यूएसबी हब, कीबोर्डवरचा पोर्ट, डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आणि टीव्हीचा पोर्ट टाळून डेस्कटॉपच्या मागच्या बाजूच्या किंवा लॅपटॉपच्या थेट पोर्टला डिस्क जोडावी. साडेतीन इंची डिस्कचे अडॅप्टर बहुधा १२ व्होल्टचे असते. त्याच जाडीची पिन असलेले लॅपटॉपचे १९ व्होल्टचे अडॅप्टर चुकून लावले गेले असेल, तर ते लॅबला स्पष्ट सांगावे. अशा वेळी सर्किट बोर्डवरचा संरक्षक डायोड जळून आतला डेटा सुरक्षित राहिलेला असण्याची शक्यता असते आणि ती दुरुस्ती तुलनेने स्वस्त पडते.

तिसरी पायरी: कान देऊन ऐकणे

डिस्क टेबलावर सपाट ठेवून, जोडून, कान जवळ नेऊन दहा-पंधरा सेकंद ऐकावे. निरोगी डिस्कची हलकी घरघर चढत जाऊन स्थिर होते आणि हेड, म्हणजे डेटा वाचणारी-लिहिणारी बारीक टोके, डेटा साठवणाऱ्या गोल तबकडीवर उतरल्याचा एखादा मऊ आवाज येतो. हेड तबकडीला टेकत नाहीत. ते काही नॅनोमीटर अंतरावरून तरंगत असतात आणि माणसाचा केस त्या मानाने हजारो पट जाड असतो. हे लक्षात घेतले की पुढचे आवाज समजतात.

ठरावीक लयीत टकटक येऊन मग डिस्क थांबत असेल, तर हेडला तबकडीवरच्या मार्गखुणा वाचता येत नाहीत आणि ते पुन्हा पुन्हा मागे येऊन प्रयत्न करत आहेत. बारीक बीप-बीप येत असेल, तर मोटर फिरू शकत नाही. याचे कारण अपुरी वीज असू शकते किंवा पडल्यामुळे हेड तबकडीला चिकटलेले असू शकतात. धातू घासल्यासारखी खरखर आली, तर हेड तबकडीचा थर खरवडत आहेत आणि त्या थरातच डेटा आहे. चांगल्या केबलनंतरही टकटक किंवा बीप येत राहिली तर डिस्क काढून ठेवावी. खरखर आली तर त्याच क्षणी केबल उपटावी आणि ‘सेफली रिमूव्ह’चीही वाट पाहू नये. या तिन्ही आवाजांवर कोणतेही सॉफ्टवेअर चालत नाही, जाहिरात काहीही म्हणो. अजिबात आवाज नाही, कंपही नाही, अशी डिस्क बहुधा सर्किट बोर्डाच्या बिघाडाची असते आणि तिच्यातला डेटा मिळण्याची शक्यता त्या मानाने बरी असते.

चौथी पायरी: डिस्क फिरते, पण उघडत नाही

आवाज नेहमीसारखा असेल तर विंडोजमध्ये ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडून पाहावे. तिथे डिस्क पूर्ण आकारासह दिसत असेल आणि केवळ ड्राइव्हचे अक्षर दिलेले नसेल, तर अक्षर देऊन काम भागते आणि त्यात धोका नाही. विभाजन (डिस्कचा पाडलेला भाग, पार्टिशन) ‘रॉ’ दिसत असेल, तर फाइल सिस्टिमची, म्हणजे कोणती फाइल कुठे आहे याच्या मांडणीची, बिघडलेली नोंद विंडोजला कळत नाही. डेटा बहुधा जागेवर असतो. ‘इनिशियलाइज’ किंवा ‘फॉरमॅट’ यांपैकी कशालाही होकार देऊ नये. इनिशियलाइज केल्यावर विभाजनांच्या नोंदीवर नवी नोंद लिहिली जाते. फॉरमॅट केल्यावर रिकामी फाइल सिस्टिम जुन्या नोंदींवर बसते.

इथे एक वेगळी शक्यता आधी तपासावी. मॅकवर फॉरमॅट केलेली डिस्क विंडोजला जोडली की हाच ‘फॉरमॅट करा’ संदेश येतो आणि डिस्क पूर्ण ठणठणीत असते. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स किंवा लिनक्सवर तयार केलेल्या डिस्कचेही तसेच होते. भाचा मॅकबुक घेऊन आला होता आणि त्याने ‘फक्त थोडे फोटो घेतले’, असे घरात कोणी सांगितले की संशयाची सुई तिकडे वळवावी आणि ती डिस्क आधी एखाद्या मॅकवर लावून पाहावी.

विंडोजच्या ‘चेकडिस्क’ या डिस्क तपासणाऱ्या साधनाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण पहिला सल्ला बहुधा त्याचाच मिळतो. चेकडिस्कचे काम फाइल सिस्टिम सुसंगत करणे हे आहे, डेटा वाचवणे हे नाही. विसंगत वाटलेल्या नोंदी ते काढून टाकते किंवा अनाथ तुकडे वेगळ्या फोल्डरमध्ये टाकते. शिवाय खराब होत चाललेल्या डिस्कवर ते हजारो वेळा वाचन-लेखन करते. डेटाची प्रत काढून होईपर्यंत चेकडिस्क आणि मॅकचे ‘फर्स्ट एड’ ही दोन्ही हत्यारे म्यानातच ठेवावीत.

पाचवी पायरी: डिस्कची तब्येत वाचणे

डिस्क स्वतःच्या चुकांची नोंद ‘स्मार्ट’ या यंत्रणेत ठेवत असते. विंडोजवर ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’ हे मोफत सॉफ्टवेअर ती दाखवते. लिनक्सवर आणि मॅकवर ‘स्मार्टमॉनटूल्स’ आहे. वरचा हिरवा-पिवळा शेरा पाहून न थांबता चार ओळी पाहाव्यात. ‘रीअलोकेटेड सेक्टर्स’ म्हणजे खराब ठरवून बदललेल्या जागा. ‘करंट पेंडिंग सेक्टर्स’ म्हणजे वाचताना अडलेल्या आणि अजून निकाल न लागलेल्या जागा; माझ्या मते चारींत ही सर्वांत महत्त्वाची, कारण आत्ता धोक्यात असलेला डेटा तिथेच असतो. ‘अनकरेक्टेबल सेक्टर्स’ म्हणजे तपासणीत वाचता किंवा दुरुस्त करता न आलेल्या जागा. चौथी ओळ ‘सीआरसी एरर’ची, ती वाढत असेल आणि पहिल्या तीन शून्य असतील, तर दोष तबकडीत नसून केबल किंवा जोडणीत असण्याची शक्यता जास्त.

एक बारकावा मात्र सांभाळावा. क्रिस्टलडिस्कइन्फो या ओळींचे मूळ आकडे षोडशमान पद्धतीत दाखवते, त्यामुळे शेवटी ‘१०’ दिसले तर ते सोळा असतात. प्रगत पर्यायांत जाऊन ‘रॉ व्हॅल्यूज’ दशमानात लावून घ्याव्यात.

पेंडिंग सेक्टर दिसत आहेत पण फायली उघडत आहेत, अशी अवस्था असेल तर तो घाई करण्याचा काळ आहे. सर्वांत मौल्यवान फोल्डर आधी, लहान लहान गठ्ठ्यांत उतरवून घ्यावे. फोल्डर उघडताना ‘लिस्ट’ स्वरूप ठेवावे. लघुचित्रे दाखवण्यासाठी विंडोज प्रत्येक फोटो वाचायला जाते आणि डिस्कला विनाकारण पळवते. सगळे निवडून ओढून टाकण्याची पद्धत इथे उपयोगाची नाही, कारण एका अडलेल्या फायलीपाशी सगळी प्रत थांबते. रोबोकॉपी ही विंडोजची फायली उतरवण्याची आज्ञा वापरत असाल तर तिची मूळ मांडणी बदलावी: वाचता न आलेल्या फायलीसाठी ती दहा लाख वेळा प्रयत्न करते आणि दर प्रयत्नामध्ये तीस सेकंद थांबते. प्रयत्नांची संख्या आणि थांबण्याचा काळ दोन्ही शून्य करून पहिली फेरी मारावी.

सहावी पायरी: आधी प्रतिमा, मग फायली

डिस्क ‘रॉ’ असेल, मधूनच गायब होत असेल किंवा फायली उतरवताना सारखी अडत असेल, तर तिच्यावर रिकव्हरी सॉफ्टवेअर थेट चालवू नये. संपूर्ण डिस्कची जशीच्या तशी प्रतिमा दुसऱ्या, तेवढ्याच किंवा मोठ्या डिस्कवर काढावी आणि पुढची सगळी शोधाशोध त्या प्रतिमेवर करावी. यासाठी ‘जीएनयू डीडीरेस्क्यू’ हे मोफत साधन आजही उत्तम आहे. उबंटू किंवा लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून सुरू करून ते बसवता येते. तिथल्या भांडारात त्याचे नाव ‘जीडीडीरेस्क्यू’ असे आहे.

त्याचा गुण असा की ते आधी सोपे ते सगळे वाचून घेते, अडलेल्या भागावरून उडी मारून पुढे जाते आणि नंतर त्या अडलेल्या भागांच्या कडा कुरतडत येते. काय वाचले आणि काय राहिले याची नोंद ‘मॅपफाइल’मध्ये ठेवते, त्यामुळे वीज गेली, डिस्क तापली, मध्येच थांबवावे लागले तरी पुढच्या वेळी तिथूनच काम सुरू होते. मॅपफाइल न देता डीडीरेस्क्यू चालवणे म्हणजे त्याचा निम्मा उपयोग घालवणे. पहिली फेरी अडलेले भाग खरवडून वाचण्याचा टप्पा वगळून करावी आणि ती संपल्यावरच दोन-तीन पुनर्प्रयत्नांची दुसरी फेरी लावावी.

आज्ञा देताना आधी स्रोत, मग प्रतिमा, मग मॅपफाइल असा क्रम असतो. पहिल्या दोहोंची उलटापालट झाली तर रिकाम्या डिस्कची प्रत भरलेल्या डिस्कवर चढते, म्हणून एंटर दाबण्यापूर्वी दोन्ही डिस्कांचे आकार आणि मॉडेल यादीत पुन्हा तपासावेत. यूएसबीची डिस्क मध्येच सुटून परत जोडली गेली की तिचे नाव बदलू शकते. आधी ‘एसडीबी’ असलेली डिस्क ‘एसडीसी’ होते. प्रतिमा ठेवण्याची डिस्क फॅट-३२ मध्ये नसावी, कारण तिथे एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी होत नाही. पडद्यावर वाचलेला भाग, खराब भागांची संख्या आणि शेवटच्या यशस्वी वाचनाला किती वेळ झाला हे दिसत राहते. हा शेवटचा आकडा वाढतच चालला, किंवा डिस्कचा आवाज बदलला, तर थांबवून तिला थंड होऊ द्यावे. निरोगी १ टीबी डिस्क यूएसबी ३.० वर तीनेक तासांत वाचून होते. आजारी डिस्कला दिवस लागू शकतात.

प्रतिमा मिळाली की तिची आणखी एक प्रत काढून ‘टेस्टडिस्क’ने हरवलेले विभाजन शोधावे. ते सापडले तर फोल्डर आणि नावे शाबूत मिळतात. न सापडल्यास ‘फोटोरेक’ फायलींच्या खुणांवरून त्या उपसून काढते, पण नावे आणि फोल्डर मिळत नाहीत; हजारो फोटो आकड्यांच्या नावाने हाती येतात आणि कॅमेऱ्याने फोटोतच लिहिलेल्या तारखेवरून ते लावत बसावे लागते. सशुल्क सॉफ्टवेअर घ्यायचे असेल तर ज्याची मोफत आवृत्ती सापडलेल्या फायलींचे पूर्वदर्शन दाखवते तेच घ्यावे, आणि पैसे भरण्यापूर्वी दहा-वीस फायली उघडून पाहाव्यात.

उघडून पाहण्याबद्दल

प्लास्टिकचे बाहेरचे केसिंग काढणे आणि डिस्क उघडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. काही पोर्टेबल डिस्कमध्ये आत साधी साटा (संगणकाच्या आतल्या जोडणीची) डिस्क आणि तिला जोडलेला छोटा यूएसबी बोर्ड असतो. तो बोर्ड गेला असेल तर दुसऱ्या साटा-यूएसबी केबलने डिस्क चालते, वॉरंटी मात्र संपते. परंतु वेस्टर्न डिजिटलच्या अनेक ‘माय पासपोर्ट’ मॉडेलांत यूएसबीचे टोक डिस्कच्या मुख्य बोर्डवरच डाख दिलेले असते, आणि पासवर्ड लावलेला नसला तरी डेटा बोर्डवरच्या चिपमधून कूटबद्ध होऊनच तबकडीवर जातो. तिथे केसिंग फोडून काही साधत नाही. काही मोठ्या साडेतीन इंची डिस्कांत केसिंगचा बोर्ड सेक्टरचा आकारच बदलून दाखवतो. डिस्क थेट साटाला जोडल्यावर ती रिकामी भासते, पण रिकामी नसते.

तसाच दुसऱ्या डिस्कचा सर्किट बोर्ड काढून लावण्याचा प्रयोग. आधुनिक डिस्कच्या बोर्डवरील रॉम चिपमध्ये त्याच डिस्कच्या हेडांसाठी कारखान्यात जुळवलेली माहिती असते, ती चिप हलवल्याशिवाय बोर्ड बदलून चालत नाही. डिस्क फ्रीजरमध्ये ठेवण्याची जुनी युक्ती तर कोकणच्या किंवा मुंबईच्या हवेत पूर्ण टाळावी. बाहेर काढताच थंड तबकडीवर दव धरते आणि हेड त्या थेंबांवर आदळतात. धातूचे झाकण घरी उघडणे हा विषयच नाही.

लॅबकडे देताना

डेटा रिकव्हरी करणारे अनेक असतात. स्वच्छ हवेच्या कक्षात हेड बदलणारे थोडे. मुंबई-पुण्यात अशा सोयी आहेत. लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत डिस्क देण्यापूर्वी दुकानदार स्वतः काम करतो की पुढे कोणाकडे पाठवतो, हे विचारावे. पुढे पाठवण्यात गैर काही नाही, पण आपल्याला ते माहीत असावे. तपासणीचे शुल्क किती, डेटा न मिळाल्यास पैसे लागतात का, सुटे भाग काढण्यासाठी लागणाऱ्या दुसऱ्या डिस्कचा खर्च कोणाचा, पैसे देण्यापूर्वी सापडलेल्या फायलींची यादी मिळेल का आणि काम झाल्यावर त्यांच्याकडची प्रत पुसली जाईल का, एवढे लेखी घ्यावे. डिस्क पडली, भिजली, आधी कोणी काय केले हे लपवू नये. कोणी ती आधीच उघडली असेल तर खर्च वाढतो आणि काही लॅब ती घेतही नाहीत.

वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, डेटा मिळत नाही, आणि दिलेली डिस्क सहसा परत येत नाही. म्हणून डेटा हवा असेल तर वॉरंटीचा दावा नंतर करावा. सीगेटच्या काही पोर्टेबल डिस्कांबरोबर ठरावीक मुदतीची ‘रेस्क्यू’ डेटा रिकव्हरी सेवा येते. खोका आणि पावती काढून ती आपल्या डिस्कला लागू आहे का ते पाहावे. रत्नागिरी किंवा नांदेडहून कुरिअर करताना डिस्क अँटिस्टॅटिक पिशवीत, बबल रॅपमध्ये आणि सर्व बाजूंनी दोन इंच भरण असलेल्या खोक्यात घालावी.

पुराच्या पाण्यात गेलेल्या डिस्कला हेअर ड्रायर, ऊन किंवा तांदळाचा डबा दाखवू नये आणि वीज तर मुळीच देऊ नये. चिखलाचे पाणी आत सुकले की त्याचा थर तबकडीवर बसतो. ओलसर कापडात गुंडाळून, हवाबंद पिशवीत घालून ती शक्य तितक्या लवकर लॅबकडे पोहोचवावी.

नवी साठवण: एक महागडी डिस्क की दोन साध्या

डेटा मिळो वा न मिळो, नवी साठवण घ्यावीच लागते, आणि इथे माझे मत ठाम आहे: ठरलेल्या पैशांत एक मोठी, भारीतली डिस्क घेण्यापेक्षा दोन साध्या घ्याव्यात. डिस्क कोणत्याही कंपनीची असली तरी एकच प्रत असणे हाच मुख्य धोका आहे. पीटर क्रो या अमेरिकन छायाचित्रकाराने रूढ केलेला ‘तीन-दोन-एक’ नियम तोच आहे: तीन प्रती, दोन प्रकारच्या साठवणीवर, त्यांतली एक दुसऱ्या जागी. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरला आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पाणी शिरले तेव्हा ज्यांच्या दोन्ही डिस्क एकाच कपाटाच्या खालच्या कप्प्यात होत्या, त्यांच्या दोन प्रतींचा उपयोग शून्य झाला.

पोर्टेबल हार्ड डिस्क अजूनही दर टीबीला स्वस्त पडते आणि वर्षातून काही वेळा जोडून बाजूला ठेवण्याच्या कामाला योग्य आहे. आज हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या तीनच उरल्या आहेत: सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. दोन डिस्क घेताना दोन वेगळ्या कंपन्यांच्या घ्याव्यात, म्हणजे एकाच घाण्यातला दोष दोन्हींत येत नाही. अडीच इंची मोठ्या डिस्क बहुतेक ‘एसएमआर’ पद्धतीच्या असतात. त्यांत डेटाचे पट्टे मंगलोरी कौलांसारखे एकावर एक चढलेले असतात, त्यामुळे मधला पट्टा बदलायचा तर शेजारचेही पुन्हा लिहावे लागतात. एकदा भरून ठेवण्यासाठी त्या चालतात; रोज व्हिडिओ संपादन करण्यासाठी नाही.

चिपवर डेटा ठेवणाऱ्या पोर्टेबल एसएसडीत फिरणारे भाग नसतात, त्यामुळे ती टेबलावरून पडली तरी बहुधा वाचते आणि वेगही कितीतरी जास्त असतो. फिरतीवर काम करणाऱ्या फोटोग्राफरने कामाची डिस्क म्हणून एसएसडीच घ्यावी. परंतु ती जाताना सहसा पूर्वसूचना देत नाही, आणि पुसलेल्या फायलींच्या जागा ‘ट्रिम’ या क्रियेने साफ झाल्यावर त्या परत मिळत नाहीत. विजेशिवाय ती कायमची डेटा धरून ठेवते हाही गैरसमज आहे. जेडेक या संस्थेच्या मानकानुसार लेखनाची क्षमता पूर्ण वापरून झालेल्या घरगुती एसएसडीने ३० अंश सेल्सिअसला विजेशिवाय एक वर्ष डेटा टिकवावा एवढीच अपेक्षा आहे. नवी एसएसडी त्याहून बराच काळ टिकवते, तरी दहा वर्षे लॉकरमध्ये ठेवण्याची ती वस्तू नव्हे. २०२३ मध्ये सॅनडिस्कच्या एक्स्ट्रीम मालिकेतील काही पोर्टेबल एसएसडींसाठी कंपनीला फर्मवेअरची (डिस्कच्या आतल्या सॉफ्टवेअरची) दुरुस्ती द्यावी लागली होती. म्हणून एसएसडी घेतल्यावर फर्मवेअर अद्ययावत आहे का ते भरण्यापूर्वीच पाहावे.

क्लाउडचा मोठा फायदा म्हणजे ती प्रत आपोआप दुसऱ्या जागी असते. हिशेब मात्र करावा: ४० एमबीपीएस अपलोडच्या जोडणीवर १ टीबी चढवण्यास अखंड सुमारे ५६ तास लागतात. गूगल फोटोजची मोफत अमर्याद साठवण १ जून २०२१ ला बंद झाली, आणि दोन वर्षे न वापरलेले खाते गूगल काढून टाकू शकते. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, हेही पक्के ध्यानात ठेवावे. लॅपटॉपवर पुसलेली फाइल क्लाउडवरूनही जाते आणि गूगल ड्राइव्हच्या कचरापेटीत ती ३० दिवसच राहते.

दोन डिस्कांचा नॅस, म्हणजे नेटवर्कवर जोडलेला साठवणीचा डबा, हा स्टुडिओ, छोटे कार्यालय किंवा तीन-चार संगणक असलेल्या घरासाठी ठीक आहे, पण त्याला यूपीएस द्यावा लागतो. त्यातील रेड मांडणी तोच डेटा दोन्ही डिस्कांवर लिहिते, त्यामुळे एक डिस्क बंद पडली तरी काम चालू राहते. चुकून पुसलेली फाइल किंवा रॅन्समवेअर (फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे सॉफ्टवेअर) मात्र दोन्ही डिस्कांवर एकाच क्षणी पोहोचते.

सामान्य घरासाठी माझी शिफारस अशी: एकूण डेटाच्या दुप्पट क्षमतेच्या दोन पोर्टेबल हार्ड डिस्क, आणि ज्याशिवाय चालणार नाही अशा फोटो-कागदपत्रांसाठी क्लाउडवर थोडी विकतची जागा. एक डिस्क घरी, दुसरी मुलीकडे, भावाकडे किंवा बँकेच्या लॉकरमध्ये. मुलगी पुण्यात असो की न्यू जर्सीत, ती सुट्टीवर आली की डिस्कांची अदलाबदल करावी. बाहेर राहणारी डिस्क बिटलॉकर किंवा व्हेराक्रिप्टने कुलूपबंद करावी आणि बिटलॉकरची ४८ अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवावी, त्याच डिस्कवर नव्हे.

घेताना आणि घेतल्यावर

काही हजारांत १६ टीबी एसएसडी अशी जाहिरात दिसली की ती बनावट समजावी. आत लहान मेमरी कार्ड असते आणि आकार खोटा दाखवला जातो. उलट २ टीबी डिस्क विंडोजमध्ये १.८१ टीबी दिसली तर फसवणूक झालेली नाही; कंपनी दशमानात मोजते आणि विंडोज द्विमानात. बिल घ्यावे आणि अनुक्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून भारतातली वॉरंटी तपासावी. मग ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ने, मॅक-लिनक्सवर ‘एफ३’ने, पूर्ण डिस्क एकदा भरून वाचून पाहावी. २ टीबीला अर्धा दिवस तरी जातो, पण सदोष डिस्क दुकानाच्या बदलून देण्याच्या मुदतीतच उघडी पडते.

बॅकअपसाठी मॅकवर टाइम मशीन आणि विंडोजवर फाइल हिस्टरी किंवा फ्रीफाइलसिंक पुरे आहे. फ्रीफाइलसिंकमध्ये ‘मिरर’ वापरताना जुन्या आवृत्त्या वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवण्याचा पर्याय चालू करावा, नाहीतर मूळ फोल्डर चुकून रिकामे झाले की बॅकअपही तितक्याच निष्ठेने रिकामा होतो. काम झाले की डिस्क काढून ठेवावी. जोडून ठेवलेल्या डिस्कपर्यंत रॅन्समवेअर पोहोचतेच. काढताना ‘इजेक्ट’ करून दहा सेकंद थांबावे, घरघर पूर्ण थांबल्यावरच उचलावे. फिरती डिस्क हलवणे हे हेड आपटण्याचे नेहमीचे कारण आहे. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.

वर्षातून दोनदा, गुढीपाडव्याला आणि दसऱ्याला म्हणा, दोन्ही डिस्क जोडून स्मार्टच्या त्या चार ओळी पाहाव्यात आणि वेगवेगळ्या वर्षांच्या पाच-दहा फायली दुसऱ्या संगणकावर उघडून बघाव्यात. दसऱ्याला डिस्कची पूजा करणार असाल तर हळदकुंकू पोर्टपासून लांब राहू द्यावे. पाच वर्षे झालेली डिस्क चालू असली तरी तिला मुख्य प्रतीच्या जागेवरून निवृत्त करून तिसरी प्रत म्हणून वापरावे.

जुनी, बंद पडलेली डिस्क भंगारवाल्याला तशीच देऊ नये, कारण आपल्यासाठी न उघडणारा डेटा दुसऱ्या कोणाला उघडता येऊ शकतो. चालत असेल तर संपूर्ण पुसून आणि चालत नसेल तर तबकड्या मोडून, मगच ती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची मान्यता असलेल्या ई-कचरा केंद्रात द्यावी. अडीच इंची डिस्कच्या तबकड्या बहुधा काचेच्या असतात आणि हातोड्याच्या पहिल्या घावाला त्यांचा चुरा उडतो, म्हणून झाकण न काढता, जाड कापडात गुंडाळून आणि डोळ्यांना चष्मा लावूनच घाव घालावा.